‘खाली ठेव’ म्हणजे नक्की कुठे? पावणेचार वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण

मी तीन ते सहा वयोगटातल्या मुलांना शिकवते. ज्या मुलीबद्दल लिहितेय ती आमच्याकडे आली तेव्हा पावणेचार वर्षांची होती, खरं नाव देत नाही, इथे तिला चिमी म्हणू. चिमी भयंकर बडबडी. गोष्ट सांगायला लागली की थांबायचं नाव नाही, वाक्यं लांबलचक, रंग सगळे येतात, दहापर्यंतच्या वस्तू बोट लावून नीट मोजते. आणि तिच्या आईच्या हातात आधीच्या ठिकाणी भरून घेतलेलं एक वर्कशीट, त्यावर लाल पेनने शेरा, की वर-खाली, मागे-पुढे हे कन्सेप्ट कच्चे आहेत, घरी सराव घ्या. आईने सराव घेतला होता हो, महिनाभर रोज घेतला होता. "हिला साधं खाली-वर कळत नाही ताई, आणि एरवी बघा किती चुरूचुरू बोलते, मला कळेचना झालंय काय," असं म्हणता म्हणता बाईंचा आवाज भरून आला.

सगळ्यात आधी मी कान तपासून आणायला सांगितलं. आईला ते जरा लागलं असावं, पण मराठीत हे जागा दाखवणारे शब्द नामाच्या शेपटाला चिकटून येतात, खुर्चीखाली, टेबलावर, डब्यात. वाक्यात त्यांच्यावर जोर नसतो, आवाज पडलेला असतो, आणि ज्या मुलाला थोडं कमी ऐकू येतं त्याचं नेमकं हेच शेपूट निसटतं. तपासणी झाली, कान ठणठणीत. चला, एक शंका मिटली.

मग मी माझी टेस्ट घेतली. कागद नाही, खऱ्या वस्तू. एक बॉल, एक कापडी अस्वल, खेळण्यातली गाडी, पुठ्ठ्याचा डबा, दोन छोट्या खुर्च्या आणि टेबल. बारा सूचना, एकेक करून, हात पाठीमागे बांधून दिल्या. हात बांधायचं कारण असं की आपण "तिकडे ठेव गं" म्हणताना बोटाने, मानेने, नुसत्या नजरेनेसुद्धा उत्तर सांगून टाकतो आणि मूल शब्द न ऐकता आपल्या नजरेमागे जातं.

बारापैकी सात बरोबर. डब्यात, डब्याबाहेर, टेबलावर, खुर्चीवर, अस्वलाच्या डोक्यावर, अस्वलाजवळ, टेबलाखाली. मला वाटलं ठीक आहे की, एवढं काय त्यात. पण यातल्या "डब्यात" आणि "टेबलावर" ला फारशी किंमत नाही हे नंतर लक्षात आलं. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली दाखवलं होतं की अगदी लहान मुलांसमोर पोकळ वस्तू ठेवली तर ती हातातली गोष्ट त्यात टाकतात आणि सपाट पृष्ठभाग असेल तर त्यावर ठेवतात, तुम्ही तोंडाने काहीही सांगा. म्हणजे डबा समोर आहे आणि मुलाने बॉल डब्यात टाकला, यावरून त्याला "आत" हा शब्द कळला असं धरता येत नाही. डब्याचं काम आहे ते, शब्दाचं नाही.

खरी मजा चुकलेल्या पाचात होती. त्या दिवशी मी त्या फक्त चुका म्हणून लिहिल्या, आणि रात्री व्हिडिओ परत बघताना माझे मलाच हसायला आलं. जसंच्या तसं सांगते.

"बॉल खुर्चीखाली ठेव." चिमी वाकली, बॉल अगदी अलगद जमिनीवर ठेवला, खुर्चीच्या पुढच्या पायाला टेकवून, आणि माझ्याकडे बघून हसली. काम फत्ते.

"गाडी डब्याच्या बाजूला ठेव." तिने गाडी उचलली, भिंतीपाशी नेली आणि तिकडे लावून आली.

"बॉल अस्वलाच्या पुढे ठेव." बॉल हातात घेतला, आणि ढकलला. सरळ पुढे. बॉल दारापर्यंत गेला.

"अस्वल डब्याच्या मागे ठेव." अस्वल छातीशी धरून ती स्वतः दोन पावलं उलटी चालत गेली आणि तिथे त्याला बसवलं.

"अस्वलाला दोन खुर्च्यांच्या मधे ठेव." जवळची खुर्ची घेतली आणि तिच्या बैठकीच्या बरोबर मधोमध अस्वल बसवलं, जरा इकडे झालं म्हणून परत सरकवलंसुद्धा.

आता हे पाचही परत वाचा आणि सांगा, या मुलीला शब्द कळत नाहीत? प्रत्येक शब्द तिने पाळलाय. घरात जसा ऐकलाय तसा पाळलाय. "खाली ठेव" म्हणजे जमिनीवर ठेव, आपण सगळे असंच म्हणतो ना, हातातलं खाली ठेव, खाली बस, खाली सांडू नको. "बाजूला" म्हणजे वाटेतून दूर, बाजूला हो, ते बाजूला कर. "पुढे" म्हणजे पुढे चल, पुढे सरक. "मागे" म्हणजे मागे हो. आणि "मधे" तर विचारूच नका, मधे मधे करू नको, मधेच बोलू नको, शिवाय डब्यामधे म्हणजे आत आणि दोघांच्या मधे म्हणजे दोघांच्या दरम्यान, एकाच शब्दाला आपण किती कामांना जुंपलंय. आपल्याला त्याचा त्रास होत नाही कारण आपल्याला सगळं आधीच माहितीय.

आणि मग "टेबलाखाली" कसं बरोबर आलं? हे कोडं मला दोन दिवस सुटेना. आईला विचारलं तेव्हा कळलं की घरी टेबलावर चादर टाकून खाली तिचं घर असतं, ती आणि तिच्या बाहुल्या तासन्‌तास तिथेच. म्हणजे "टेबलाखाली" हे तिच्यासाठी टेबल अधिक खाली नव्हतंच, ते एका जागेचं नाव होतं, अंगण म्हणावं किंवा माळा म्हणावं तसं अख्खं एक नाव. ते तोडून त्यातलं "खाली" सुटं काढून खुर्चीला लावायचं, हे काम अजून झालेलं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच.

मग मी आईला म्हटलं, अर्धा तास घरातलं नेहमीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, मुद्दाम काही शिकवू नका. ऐकलं. "खाली" चौदा वेळा आलं, त्यातलं अकरा वेळा नुसतंच, कशाच्या खाली हे नाहीच. उरलेल्या तीन वेळा, आईच्याच म्हणण्यानुसार, बोट दाखवलेलं होतं. बाकी सगळं इकडे, तिकडे, ते तिथलं, हे इथलं. आईचा चेहरा पडला म्हणून मी माझ्याच वर्गाचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग केलं आणि तिला ऐकवलं. माझं तर अजून वाईट होतं. शिक्षिका म्हणून मी "तिकडे ठेवा रे सगळे" हे वाक्य किती वेळा म्हणते ते इथे लिहीत नाही.

आता सुरुवात कुठून करायची? या शब्दांना एक क्रम असतो आणि तो बऱ्यापैकी सगळीकडे सारखा दिसतो. जॉन्स्टन आणि स्लोबिन यांनी १९७९ साली इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की अशा चार भाषा बोलणारी दोन ते पावणेपाच वर्षांची मुलं तपासली होती, त्यात आत, वर, खाली, शेजारी हे आधी येतात, मग ज्या वस्तूला स्वतःचं तोंड-पाठ असते तिचं पुढे-मागे आणि दोघांच्या मधे, आणि सगळ्यात शेवटी ज्या वस्तूला ना तोंड ना पाठ तिचं पुढे-मागे. यातली तुर्की आपल्यासारखीच, जागेचा शब्द नामाच्या नंतर येणारी. म्हणजे मी चिमीला जे "डब्याच्या मागे" विचारलं होतं ते सगळ्यात अवघड गणित होतं. डब्याला मागची बाजू असतेच कुठे. आपण ती आपल्या नजरेवरून ठरवतो, डब्याची जी बाजू माझ्या नजरेआड असते ती मागची बाजू. पश्चिम आफ्रिकेतली हौसा भाषा बोलणारे लोक तर अशा वस्तूच्या पलीकडच्या बाजूला पुढची बाजू म्हणतात, जणू ती वस्तूही त्यांच्यासारखीच तिकडे तोंड करून उभी आहे. तेही काही चूक नाही, रीत आहे एकेक.

आणि याहून मोठी चूक म्हणजे टेस्ट घेताना मी चिमीच्या समोर बसले होते. माझी "डब्याची मागची बाजू" तिच्या पुढ्यात होती! तिने मला हवं तसं केलं असतं तर तिच्या जागेवरून ते चुकीचं ठरलं असतं. त्या दिवसापासून मी मुलाच्या शेजारी बसते, दोघांचं तोंड एकाच दिशेला. कोणी असं काही घेणार असेल तर निदान एवढं तरी कराच.

वर्कशीटचा विषय इथेच संपवते. कागदावर मांजर टेबलाच्या मागे दाखवायचं तर अर्धं मांजरच काढावं लागतं. चिमीला ते चित्र दाखवून विचारलं मांजर कुठाय, तर ती गंभीरपणे म्हणाली, "मांजर कापलंय." शिवाय कागद टेबलावर आडवा असतो, त्याची "वरची बाजू" म्हणजे खरं तर आपल्यापासून लांबची बाजू. मोठ्यांना हे सवयीने कळतं. अंगाने, वस्तूंनी पक्कं झालेलं मूल मग कागद सहज करतं, पण उलटं करायला गेलं की असा लाल शेरा येतो.

काम सहा आठवडे चाललं, रोज दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिल्या आठवड्यात मी हमखास फसणारी गोष्ट केली, कृतीगीत घेतलं, हात वर हात खाली हात पुढे. चिमी तीन दिवसात झकास करायला लागली. चौथ्या दिवशी मी क्रम बदलला तर तिने जुन्याच क्रमाने हात हलवले आणि उलट मलाच सांगितलं की ताई चुकलीस. तिने क्रम पाठ केला होता, शब्द नाही. गाणं वाईट नाही, पण त्यातून काय कळलं हे तपासायचं तर क्रम मोडावा लागतो.

मग आईला आणि मला दोघींना एकच नियम घातला, नुसतं "खाली" म्हणायचं नाही, कशाच्या खाली ते म्हणायचं, आणि शक्यतो प्रश्न-उत्तरात म्हणायचं. "बॉल खुर्चीखाली ठेव" या वाक्यात "खाली" मधे कुठेतरी दबून जातं. पण "बॉल कुठाय? खुर्चीच्याऽऽ खाली!" म्हटलं की तोच शब्द शेवटी येतो, सुटा येतो, त्याच्यावर जोरही पडतो. मराठीची ही सोय आपण वापरतच नाही. दुसरं, वस्तू त्याच ठेवायच्या आणि फक्त जागा बदलायची. अस्वल खुर्चीवर. अस्वल खुर्चीच्या खाली. परत खुर्चीवर. परत खाली. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. खुर्ची झाली की टेबल, मग चादर, मग आईचे वाकवलेले पाय, मग स्वतः चिमी ("अस्वल चिमीच्या खाली" वर ती इतकी हसली की त्या दिवशीचं काम तिथेच संपलं). चादर महत्त्वाची, कारण चादरीखाली आणि टेबलाखाली दिसायला अगदी वेगळं असतं, एकात वस्तू चिकटलेली आणि झाकलेली, एकात वर मोकळी हवा, तरी शब्द तोच. अशा दहा वेगवेगळ्या "खाली" मधून मूल त्यातलं सामाईक काय ते उचलतं.

"मागे" साठी लपाछपी. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा तीन डोंगरांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, समोरच्या बाहुलीला काय दिसतंय हे लहान मुलांना सांगता येत नाही म्हणून तो मानत होता की त्यांना दुसऱ्याच्या जागेवरून बघता येत नाही. पण पुढे मार्टिन ह्यूजने डोंगर काढून टाकले आणि आडव्या-उभ्या भिंती, एक बाहुला आणि पोलीस ठेवले, बाहुल्याला पोलिसाला दिसणार नाही असं लपव म्हटलं, तर साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची दहातली नऊ उत्तरं बरोबर आली. लपणं म्हणजे काय हे मुलाला आतून माहिती असतं, डोंगर नसतात. म्हणून मी आधी "मागे" हा शब्द उच्चारलाच नाही. गाडीला पोलीस केलं, अस्वलाला लपवायला लावलं, चिमीने बरोबर खुर्चीच्या पाठीआड लपवलं, आणि मग शांतपणे म्हटलं, "हां, खुर्चीच्या मागे लपला." चौथ्या दिवशी तीच ओरडली, "मागेय मागेय, खुर्चीच्या मागेय!" डबा आणि बॉल मुद्दाम या खेळातून वगळले होते. खुर्चीला पाठ असते, अस्वलाला पाठ असते, गाडीला मागचे दिवे असतात, तेवढंच घेतलं.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो पडद्याच्या खेळाने, वाचा उपचार करणारे लोक हा खेळ नेहमी घेतात. दोघांच्या मधे एक कापड टांगायचं, दोघांकडे सारख्याच वस्तू, एकाने मांडायचं आणि तोंडी सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तसंच मांडायचं. पहिल्याच दिवशी असं झालं.

"ताई, अस्वल तिथे ठेव."
"कुठे गं?"
"तिथे!" (कापडामागून दिसणारी सावली, बोट दाखवतेय.)
"मला दिसत नाहीये ना. तिथे म्हणजे कुठे?"
बराच वेळ काही नाही. मग, "इकडे."
"अगं मी ठेवू कुठे?"
मोठा उसासा. "खुर्चीवर."

मी अस्वल खुर्चीवर ठेवलं, कापड वर केलं, तिचं अस्वल खुर्चीच्या खाली. तिने माझ्या खुर्चीकडे बघितलं, स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणाली, "नाही नाही, वर नाही, खाली. खुर्चीच्या खाली." मी काहीच शिकवलेलं नव्हतं. तिच्या शब्दाने माझं अस्वल चुकीच्या जागी गेलं हे तिला डोळ्यांनी दिसलं, एवढंच. एरवी हे कधी होतच नाही, कारण "तिथे" म्हटल्यावर आपण समजून घेतो, आणि घेतलंच पाहिजे, नाहीतर घर चालायचं नाही.

पाचव्या आठवड्यात आईचा मेसेज आला. हातातला खेळ आवरून घ्यायला सांगताना ती सवयीने म्हणाली, खाली ठेव. चिमीने विचारलं, "कशाच्या खाली?" आई म्हणे पाच मिनिटं हसत होती, मला मात्र फोन ठेवल्यावर जरा पाणी आलं डोळ्यात.

सहा आठवड्यांनी तेच बारा प्रश्न, फरक इतकाच की यावेळी मी शेजारी बसले. दहा बरोबर. "बाजूला" ती अजूनही लांब नेते, पण "शेजारी" म्हटलं की बरोबर ठेवते, त्यामुळे तो प्रश्न मी सोडून दिलाय, तो शब्दच दोन अर्थांचा आहे. दुसरं चुकलं ते डब्याच्या मागे, आणि ते मी मुद्दाम शिकवलेलंच नव्हतं. "मधे" मात्र जमलं, त्यासाठी तिला दोन मोठ्या माणसांच्या मधे दाबून बसवायचा खेळ केला होता, त्याचं वर्णन करत नाही, नुसता दंगा होता.

आईने विचारलं आता गणिताला याचा उपयोग होईल ना, तिने कुठेतरी वाचलं होतं. २०११ चा प्रुडेन, लेव्हिन आणि हटनलोकर यांचा अभ्यास आहे, ५२ मुलांना १४ ते ४६ महिन्यांच्या दरम्यान घरी जाऊन पाहिलं, आणि जी मुलं जागेबद्दलचे शब्द जास्त बोलायची ती साडेचार वर्षांची झाल्यावर जागा-आकाराच्या कोड्यांत पुढे होती. पण त्यात मोजलेले शब्द उंच, गोल, वाकडं, कड असे आकार-मापाचे होते, वर-खाली नव्हे, आणि एक गोष्ट दुसरीसोबत दिसली म्हणजे एकामुळे दुसरी झाली असंही नाही. मी तिला तसंच सांगितलं. आत्ता उपयोग एवढा की वर्गात सूचना दिल्यावर चिमी दुसऱ्या मुलांकडे बघून करायची ते थांबलंय.

डावं-उजवं घ्यायचं का, हा तिचा शेवटचा प्रश्न. म्हटलं नको. स्वतःचा डावा-उजवा हात बऱ्याच मुलांना पाच-सहाव्या वर्षी पक्का येतो, समोरच्याचा तर त्याहून उशिरा. ती जाताना दारात चिमी बूट शोधत होती. आई म्हणाली, "तिथेच आहेत बघ." आणि लगेच माझ्याकडे बघून जीभ चावली. "बाकाच्या खाली, बाकाच्या खाली."